वर्गातली चर्चा मतापासून नको, शब्दापासून सुरू करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला इंग्रजी साहित्य शिकवायला नुकतीच सुरुवात केली आहे. वर्गात साठ-सत्तर मुलं, बहुतेक मराठी माध्यमातली. कविता वाचून झाली की तुम्ही विचारता, 'तुम्हाला काय वाटतं?' आणि सगळ्यांच्या माना खाली जातात. दोन-तीन मुली बोलतात, रोज त्याच बोलतात. शैलीबद्दल लिहायला सांगितलं तर सिमिली (उपमा), मेटाफर (रूपक), अ‍ॅलिटरेशन (अनुप्रास) अशी यादी येते, प्रत्येकाची गाईडमधली व्याख्या येते, त्या कवितेबद्दल मात्र एक वाक्यही येत नाही. चर्चा कशी घ्यायची आणि शैलीचं विश्लेषण कसं शिकवायचं, हे तुम्ही दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारलं आहे.

मी अनेक वर्षं हेच शिकवते आहे, आणि मला हा एकच प्रश्न वाटतो. मुलं गप्प बसतात कारण आपण त्यांना मत विचारतो. मत द्यायला इंग्रजी लागतं, धीटपणा लागतो आणि मॅडमना कोणतं उत्तर हवंय याचा अंदाज लागतो. हे तिन्ही ज्यांच्याकडे आहे त्या दोन-तीन मुली बोलतात. तुम्ही त्याऐवजी विचारलंत, की कवीने इथे हाच शब्द का ठेवला असेल, हे वाक्य एवढं लांबत का गेलं, तर उत्तर समोरच्या पानावर बोट ठेवून शोधता येतं. ते पान मागच्या बाकावरच्या मुलालाही तेवढंच दिसतं. म्हणून शैली हा धडा संपल्यावर उरकायचा मुद्दा ठेवू नका. चर्चेची सुरुवातच तिथून करा.

उदाहरणासाठी निस्सीम एझिकेल यांची 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन' ही कविता घेते, कारण ती आपल्या मुलांच्या अनुभवाच्या जवळची आहे आणि नेमकी त्याच कारणाने वर्गात वाया जाते. दहा तास पाऊस पडतोय, त्याने हाकललेला विंचू तांदळाच्या पोत्याखाली येतो, आईला चावतो आणि पुन्हा पावसात निघून जातो. गावकरी कंदील घेऊन जमतात, देवाचं नाव घेतात, आईचं पाप फिटो म्हणतात. वडील सगळे उपाय करतात. मांत्रिक येतो. वीस तासांनी विष उतरतं, आणि आई फक्त एवढंच म्हणते, की बरं झालं, विंचवाने मला निवडलं आणि माझ्या मुलांना सोडलं.

नेहमीच्या पद्धतीत पहिली वीस मिनिटं कवीवर जातात: जन्म १९२४, मुंबईचं बेने इस्रायली ज्यू कुटुंब, मिठीबाई महाविद्यालयात आणि मुंबई विद्यापीठात अध्यापन, १९६५ चा 'द एक्झॅक्ट नेम' हा संग्रह. माहिती चांगली आहे, पण ती आधी दिली की मुलांना वाटतं, कविता कळायला बाहेरचं काहीतरी ठाऊक असावं लागतं आणि ते मॅडमनाच ठाऊक असतं. मग वह्या निघतात. एकदा का मुलं लिहून घ्यायला लागली की त्या तासाला चर्चा होत नाही. केंब्रिजला आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवीचं नाव, काळ काहीच न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांच्याकडून लेखी प्रतिक्रिया घेतल्या. त्यावरचं त्यांचं 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' १९२९ साली आलं. चांगली शिकलेली मुलंसुद्धा ठरावीक साच्यातून वाचतात, हे त्यातून उघड झालं. आपण तो प्रयोग जसाच्या तसा करावा असं नाही, पण कविता आधी आणि कवी नंतर, एवढा क्रम जरूर घ्यावा. बेने इस्रायली समाजाची बोली मराठी, हे दुसऱ्या तासाला सांगितलंत की मुलं कवितेकडे पुन्हा एकदा वळून बघतात. तोवर त्यांच्याकडे स्वतःचे प्रश्न तयार असतात.

पहिलं वाचन तुम्ही करा, मोठ्याने, सावकाश, अर्थ न सांगता. अवघड शब्द फळ्यावर आधीच लिहून ठेवा, म्हणजे मधे थांबावं लागत नाही. दुसरं वाचन मुलांकडून करून घ्या, पण ओळीप्रमाणे नको, वाक्याप्रमाणे. पूर्णविराम आला की पुढच्याने उचलायचं. हा साधा नियम फार काम करतो. कुणाच्या वाट्याला गावकऱ्यांनी चुकचुकल्याचं चार शब्दांचं वाक्य येतं, तर कुणाला ओळीमागून ओळी वाचत जावं लागतं आणि त्याला मधे श्वास घ्यायला जागा सापडत नाही. काही न सांगता वर्गाला कळतं, की या कवितेत गर्दी आहे, धावपळ आहे, वाक्यं एकमेकांवर आदळतायत. आणि आईचं शेवटचं वाक्य एकाच विद्यार्थ्याच्या वाट्याला येतं. ते वाचून झाल्यावर तुम्ही काही बोलू नका.

मग दोन मिनिटं सगळ्यांनी पेन्सिल हातात घ्यायची. जिथे अडखळलो, जिथे काहीतरी खटकलं किंवा आवडलं, अशा एका, फक्त एका शब्दाखाली किंवा ओळीखाली रेघ मारायची. कारण सांगता आलं नाही तरी चालेल. त्यानंतर शेजारच्याला आपला शब्द दाखवायचा आणि दोघांनी मिळून तीन मिनिटं बोलायचं. आधी एकट्याने, मग जोडीत, मग वर्गात, ही रीत अमेरिकेत फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली आणि जगभर पसरली. साठ-सत्तरांच्या वर्गात ती मला सगळ्यात विश्वासाची वाटते. त्याच देशात एक्झेटरच्या शाळेत लंबगोल टेबलाभोवती बारा-एक मुलं बसवून शिकवण्याची हार्कनेस पद्धत आहे, तिच्याबद्दल वाचून आपल्याकडचे तरुण शिक्षक हळहळतात. हळहळू नका. आपली बाकं हलत नाहीत, पण प्रत्येक बाकावर दोघं-तिघं असतात आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं होऊ शकतं. शेजारच्याशी बोलून झालेलं वाक्य वर्गासमोर बोलायला निम्मं सोपं होतं.

आता प्रश्न विचारून झाल्यावरचं थांबणं. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंद थांबतात आणि स्वतःच बोलू लागतात. ते थांबणं तीन सेकंदांपुढे नेलं की उत्तरं लांबतात, अधिक मुलं बोलतात आणि मुलं एकमेकांच्या बोलण्याला जोडून बोलायला लागतात. आपल्या मुलांना तर ऐकलेला इंग्रजी प्रश्न मनात मराठीत आणायचा असतो, उत्तर जुळवायचं असतं आणि ते पुन्हा इंग्रजीत न्यायचं असतं. त्यांना आणखी वेळ द्या. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. ती शांतता सुरुवातीला अंगावर येते, पण ती वर्गाची कामाची वेळ असते, ती मोडू नका.

बहुतेक वर्गांत पहिला शब्द येतो तो 'फ्लाइज'. गावकरी माश्यांच्या थव्यांसारखे आले, असं कवितेत आहे. कुणीतरी लगेच सांगतं, 'मॅडम, सिमिली आहे.' इथे तुमची पहिली कसोटी लागते. 'व्हेरी गुड' म्हणालात तर तो विषय तिथेच संपतो, कारण मुलाला वाटतं आपण काम केलं. त्याऐवजी विचारा, 'माश्याच का? मुंग्या का नाहीत? मधमाश्या का नाहीत?' आणि थांबा. मग मुलं बोलतात. माश्या नकोशा असतात. माश्या घोंघावतात, आणि पुढच्या ओळीत ते देवाचं नाव 'बझ' करतायत, म्हणजे घोंघावण्याचं काम पुढे चालूच आहे. माश्या जखमेवर बसतात, असंही कुणीतरी म्हणतं, आणि ते ऐकून वर्ग एकदम जागा होतो. मुंगी मदतीला येते, माशी येते ती नुसती येते. आता तुम्ही शैलीचं विश्लेषण करताय आणि मुलांना त्याचा पत्ताही नाही.

इथेच दुसरा प्रश्न टाका: 'म्हणजे निवेदकाला गावकरी आवडत नाहीत का? या विरुद्ध जाणारी ओळ कुणाला दिसते?' हा प्रश्न मी जवळपास प्रत्येक तासाला विचारते, कारण चर्चेत वाद हवा असेल तर तो माणसांमध्ये लावण्यापेक्षा ओळींमध्ये लावावा. एखादी मुलगी ती ओळ शोधून काढते: गावकरी आईला मधे घेऊन जमिनीवर बसले आहेत आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर समजुतीची शांती आहे. माश्या आणि शांती, दोन्ही एकाच माणसाने म्हटलं आहे. कसं काय? इथे वर्ग दोन गटांत वाटला जातो. कुणी म्हणतं, लहानपणी त्याला राग आला होता, मोठेपणी समजलं. कुणी म्हणतं, ती शांतीसुद्धा चिडवणारीच आहे, आई तळमळतेय आणि हे शांत बसलेत. दोन्ही वाचनांना कवितेत आधार आहे. तुम्ही निकाल देऊ नका, दोन्ही फळ्यावर लिहा, मुलांच्याच शब्दांत.

आणि मग ही कविता आपल्याकडे जिथे वाया जाते ते वळण येतं. कुणीतरी म्हणतं, 'मॅडम, यात अंधश्रद्धा दाखवली आहे,' आणि शाळेपासून पाठ असलेला निबंध सुरू होतो. विज्ञान श्रेष्ठ, मांत्रिक वाईट, समाजात जागृती हवी. सगळे मान डोलावतात आणि चर्चा मरते, कारण या विधानाला विरोध करायला कुणीच नसतं. कोकणातला एखादा विद्यार्थी असला तर तो पुढे सांगतो, की लाल विंचू काळ्यापेक्षा घातक, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध वापरून कितीतरी लोकांचे जीव वाचवले. हे त्याला सांगू द्या. त्या मुलाला साहित्याच्या तासात प्रथमच वाटतं, की आपल्याकडे सांगण्यासारखं काही आहे. फक्त त्यानंतर पुन्हा पानावर या: 'कवितेतले वडील कोणत्या बाजूचे?' सगळे म्हणतात, विज्ञानाच्या. ते संशयवादी आहेत, बुद्धिवादी आहेत, तसं स्पष्ट लिहिलंय. 'मग तीच ओळ पुढे वाचा.' पुढे आहे, की ते प्रत्येक शाप आणि आशीर्वाद, भुकटी, मिश्रण, पाला, जे मिळेल ते करून बघतायत. चावलेल्या बोटावर रॉकेल ओततात आणि काडी लावतात. वर्ग गप्प होतो. बुद्धिवादी माणूस असं करतो? करतो, बायको समोर तळमळत असेल तर करतो, असं बहुधा एखादी मुलगीच म्हणते. बघा, स्वल्पविरामांनी तोडत नेलेली ती यादी नसती, वडिलांनी एकच शास्त्रीय उपाय केला असं कवीने लिहिलं असतं, तर कविता खरोखर त्या पाठ निबंधासारखी झाली असती. त्या यादीत वडिलांची घाबरगुंडी आहे. मुलांना हे तुम्ही सांगितलंत तर ती लिहून घेतील, त्यांना दिसलं तर विसरणार नाहीत.

शेवटाकडे जाताना मोजायला सांगा. 'दे सेड', म्हणजे 'ते म्हणाले', कवितेत किती वेळा आहे? पाच वेळा. 'मे', म्हणजे 'असो', 'होवो' अशा आशीर्वादाने सुरू होणारी वाक्यं किती? तीही पाच. मोजायला इंग्रजी बोलावं लागत नाही, म्हणून कधीही न बोलणारी मुलं इथे हात वर करतात. मग विचारा, आई किती वेळा म्हणते? एकदा. आणि तिथे क्रियापद तेच आहे, 'सेड', पण त्याच्याआधी एक छोटा शब्द लागलाय, 'ओन्ली'. आख्ख्या कवितेत सगळे बोलतात, देव, पूर्वजन्म, पुढचा जन्म, पापपुण्याचा हिशोब, आणि जिला चावलंय ती बोलतच नाही, कण्हते फक्त. शेवटी तीन ओळी, बाकी कवितेपासून जागा सोडून वेगळ्या ठेवलेल्या. त्यात तिने पापपुण्य काही काढलेलं नाही. आता विचारा: शेवटच्या या तीन ओळी वर सलग जोडून छापल्या असत्या तर काय गेलं असतं? मुलांना दोन्ही प्रकारे मोठ्याने वाचायला सांगा. जागा सोडून वाचताना प्रत्येक जण आपोआप थांबतो. ते थांबणंही शैलीतच येतं.

एवढं सगळं एका तासात होत नाही. ४८ मिनिटांत वाचन, जोडीतलं बोलणं आणि एखादा धागा, एवढंच होतं. दोन तास द्या. अभ्यासक्रम पूर्ण होणार नाही ही भीती खरी आहे, पण दहा कवितांपैकी तीन अशा खोलवर शिकवल्या तर उरलेल्या सात मुलं बरीचशी स्वतः वाचतात. त्या सातांसाठी प्रत्येकी अर्धा तास पुरतो.

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे. चर्चेत मराठी चालू द्या. विचार मराठीत, पुरावा इंग्रजीत, असा नियम करा: मुद्दा कोणत्याही भाषेत मांडा, पण कवितेतले शब्द इंग्रजीतच वाचून दाखवा. असं केल्याने इंग्रजी कमी होतं अशी तक्रार सहकारी करतात. मला उलट दिसतं. मूळ शब्दांवर पुन्हा पुन्हा बोट ठेवल्याने तेच शब्द मुलांच्या तोंडी बसतात. चर्चेच्या शेवटी फळ्यावरचे दोन-तीन मुद्दे सगळ्यांनी मिळून इंग्रजीत लिहायचे, त्यासाठी काही क्रियापदं तुम्ही पुरवायची: सजेस्ट्स, रिपीट्स, होल्ड्स बॅक, स्लोज डाउन. आपली मुलं 'द पोएट सेज' याच्यापलीकडे जात नाहीत, कारण त्यांना दुसरं क्रियापद कुणी दिलेलंच नसतं.

शिवाय ही मुलं कोरी येत नाहीत. मराठीच्या पेपरात त्यांनी रसग्रहण केलेलं असतं, आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक सौंदर्य हे तीन कप्पे त्यांना पाठ असतात. बारावीच्या इंग्रजीतही कवितेच्या रसग्रहणाचा प्रश्न असतोच. अनेकांनी गावच्या सप्ताहात एका अभंगावर कीर्तनकाराने तासभर केलेलं निरूपण ऐकलेलं असतं, तेही एकेका शब्दाजवळ थांबत थांबतच पुढे जातं. ही तयारी इंग्रजीच्या वर्गात आणायला त्यांना कुणी सांगत नाही. तुम्ही सांगा. कप्पे मात्र तेवढे मोडा, कारण आशय एका कप्प्यात आणि भाषा दुसऱ्यात ठेवली की माश्या आणि शांती यांची गाठच पडत नाही.

शब्दनिवड शिकवायला माझ्या मते सगळ्यात चांगलं साधन म्हणजे कवीने स्वतः खोडलेला शब्द. विल्यम ब्लेक यांची 'लंडन' १७९४ च्या 'साँग्ज ऑफ एक्सपीरियन्स'मध्ये छापली गेली. तिचा वहीतला कच्चा मसुदा उपलब्ध आहे. त्यात रस्ता 'डर्टी' होता, थेम्स नदीही 'डर्टी' होती. छापताना दोन्ही ठिकाणी 'चार्टर्ड' आलं, म्हणजे सनद देऊन, हक्क बांधून वाटून टाकलेलं. मुलांना दोन्ही ओळी द्या, कोणती आधीची ते सांगू नका, आणि कोणती ठेवाल ते विचारा. बहुतेक मुलं पहिल्या झटक्यात 'डर्टी' निवडतात, ती डोळ्यांसमोर येते म्हणून. मग 'चार्टर्ड'चा अर्थ सांगा आणि पुन्हा विचारा: घाण साफ करता येते, पण नदीवर कुणाचा तरी हक्क लिहिला गेला तर? आपल्याकडे धरणाचं पाणी कुणाला, उसाला की पिण्याला, हे भांडण बघत वाढलेल्या मुलांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. त्याच मसुद्यात मनाने घडवलेल्या बेड्यांच्या जागी आधी 'जर्मन'ने घडवलेल्या बेड्या होत्या. त्या वेळचं इंग्लंडचं राजघराणं मूळचं जर्मन, एवढंच सांगा आणि विचारा, की बाहेरच्या राजाने घातलेली बेडी आणि स्वतःच्या मनाने घडवलेली बेडी यांत कवीने दुसरी का ठेवली. यावर पूर्ण तास जातो.

गद्यात मुलं शैली शोधायलाच विसरतात, गोष्टीच्या मागे धावतात. तिथे वाक्य मोडून बघायला लावा. डिकन्स यांची 'ब्लीक हाऊस' ही कादंबरी १८५२-५३ मध्ये हप्त्याहप्त्याने आली. तिच्या सुरुवातीला धुक्याचा एक परिच्छेद आहे. मुलांना त्यातली 'फॉग' मोजायला सांगा, १३ निघतात. मग म्हणा, 'मुख्य क्रियापद शोधा.' व्याकरणाच्या तासाला कंटाळणारी मुलं इथे हट्टाला पेटतात, कारण ते सापडत नाही. धुकं नदीवर, धुकं दलदलीवर, धुकं म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत आणि घशात, पण ठामपणे घडणारी क्रिया एकही नाही. सगळं नुसतं पडून आहे. पुढे या धुक्याच्या अगदी गाभ्यात, चान्सरी कोर्टात, जिथे दावे वर्षानुवर्षं रखडतात, तिथला मुख्य न्यायाधीश लॉर्ड चान्सलर 'बसलेला' आहे. ज्या घरात आजोबांच्या काळातला जमिनीचा दावा अजून तारखांवर चालू आहे, त्या घरातल्या मुलाला हे वाक्य का असं बसून राहिलंय हे लगेच कळतं.

कुणी भलताच अर्थ काढला तर काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तो प्रसंग येईलच. विंचू म्हणजे इंग्रज सरकार, असं कुणीतरी म्हणेल. हसू नका, इतरांनाही हसू देऊ नका. 'कोणत्या ओळीवरून?' एवढंच विचारा, त्याच सुरात, ज्या सुरात बरोबर उत्तर देणाऱ्यालाही विचारता. तो शोधेल. सापडली नाही तर तो स्वतःच म्हणेल, की मॅडम, नाही बसत. कविता दहा अर्थ देते, पण वाटेल तो देत नाही, हे मुलांना कवितेनेच शिकवलेलं बरं.

त्या रोज बोलणाऱ्या दोन-तीन मुलींना गप्प करू नका, त्यांना वेगळं काम द्या. एकीला फळ्यावर मुद्दे लिहायला उभी करा. दुसरीला सांगा, की तू स्वतःचं मत मांडू नकोस, दुसऱ्या कुणाच्या मुद्द्याला आधार देणारी ओळ शोधून दे. हुशार मुलांना हे अवघड आणि म्हणून मजेचं वाटतं. बाकीच्यांना नाव घेऊन एकदम उभं करण्याआधी जोडीतल्या बोलण्याच्या वेळी वर्गात फिरा, वहीतली रेघ बघा, आणि 'हे छान आहे, थोड्या वेळाने विचारते' असं सांगून ठेवा. तयारी करून बोलण्यात कमीपणा नाही.

आता लेखन. तुमच्याकडे येणारा परिच्छेद साधारण असा असतो: 'कवीने या कवितेत उपमा वापरली आहे. उपमा म्हणजे दोन गोष्टींची तुलना. गावकरी माश्यांसारखे आले ही उपमा आहे. त्यामुळे कवितेचं सौंदर्य वाढतं.' यातलं शेवटचं वाक्य मी वर्गात बंद करून टाकलं आहे. मुलांना एक चाचणी शिकवा: हे वाक्य उचलून दुसऱ्या कोणत्याही कवितेच्या उत्तरात ठेवता येतं का? येत असेल तर खोडा. या चाचणीने वरचा परिच्छेद चार वाक्यांवरून एकावर येतो, आणि उरतं ते माश्यांचं. तिथून पुन्हा सुरू करायला सांगा. चर्चेनंतर लिहिलेला परिच्छेद मग असा होतो: 'गावकरी माश्यांसारखे आले आणि घोंघावले असं निवेदक म्हणतो, म्हणजे त्यांची गर्दी त्याला नकोशी झाली असावी. पण त्यांच्या चेहऱ्यांवर समजुतीची शांती होती असंही तोच म्हणतो. त्या रात्री घाबरलेला मुलगा आणि आज आठवणारा माणूस, दोघांच्या नजरा इथे एकत्र दिसतात.' यात 'सिमिली' हा शब्द आलेला नाही. परीक्षेसाठी तो घालायचा असेल तर पहिल्या वाक्यात घाला, व्याख्या देऊ नका, कारण तपासणाऱ्याला ती माहीत असते.

हा परिच्छेद घरी लिहायला देऊ नका, घरी गाईड असतं. दुसऱ्या तासाची शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा आणि वर्गातच, फळ्यावरचे मुद्दे समोर असताना लिहून घ्या. एकच परिच्छेद, त्यात मूळ शब्द किमान दोन ठिकाणी अवतरणात हवेत. सत्तर परिच्छेद तपासणं जड जातं, म्हणून दर वेळी एकाच गोष्टीवर खूण करा: अवतरणातल्या शब्दांबद्दल पुढच्या वाक्यात काही म्हटलंय की नाही. म्हटलं नसेल तर समासात 'म्हणजे?' एवढंच लिहून वही परत द्या, आणि पुढच्या तासाच्या सुरुवातीला ते एक वाक्य जोडायला पाच मिनिटं द्या.